आमच्या बागेतली सुपारी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, इथे डब्लिनजवळच्या टॅलातल्या एकाही मैत्रिणीला नाही. तुम्हाला सांगतेय — पण सहानुभूती नको.

माझे बाबा सुपारी पाडायचे. दुसऱ्यांच्या बागांत. पायात दोरीचा फास अडकवून वर चढायचे आणि एका झाडावरचं काम झालं, की खाली न उतरता शेंडा झुलवून पुढचं झाड पकडायचे. त्यांच्या छातीवरची सालटं कधी बरी झालेली मी पाहिली नाहीत. पावसाळ्यात काम नाही. मग शेजारच्या शेवंताकाकीकडून पेज यायची, ती आम्ही प्यायचो. त्यातून मी शिकले. घरातली पहिली पदवी माझी. डब्लिनला मास्टर्स, मग नोकरी. अभिमान आहे मला! मग बाबांचीच लाज कुठून आली?

टॅलातल्या पहिल्या गणपतीत पूजेला सुपाऱ्या कमी पडल्या. माझ्याकडे बाबांनी सोलून दिलेल्या होत्या, त्या नेल्या. पुण्याच्या मुग्धाने विचारलं, "अगं, घरची बाग?" मी हो म्हटलं. एवढंच. तेव्हापासून मी 'बागायतदारीणबाई' झाले. आणि ते मला — आवडलं.

मग २०२० चा जून. कोकणावर चक्रीवादळ आलं. माणसं गेली, वाड्या-वस्त्यांतल्या घरांवर छप्पर राहिलं नाही. किती दिवस फोन लागेना. लागला तेव्हा आमचे पत्रे ओढ्यापलीकडे सापडले होते. आणि बागा? अख्ख्या बागा आडव्या. बाबा म्हणाले, "बाय, चढू कशावर आता? झाडच नाय."

इथल्या मराठी मंडळींनी मदत करायचं ठरवलं. व्हिडिओ कॉलवर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मुग्धा म्हणाली, "तू तिथली. कुणाला काय द्यायचं, तूच सांग."

काय अवघड होतं हो? पाडणाऱ्यांची घरं सांगायची. नवीन झाडाला फळ धरेपर्यंत वर्षं जातात, तोवर ह्यांना काम नाही. ह्यांना पत्रे द्या, धान्य द्या. पण मग कुणीतरी विचारलं असतं, तुला ह्यांचं एवढं कसं माहीत? म्हणून मी म्हटलं, "बागायतदारांना रोपं द्या." चांगलं ठसक्यात म्हटलं.

"ग्रँड!" मुग्धा म्हणाली. "ठरलं मग."

आमच्या घरावर मी नवे पत्रे घालून दिले — गुपचूप. शेवंताकाकीचा नवराही पाडणारा. तिने तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला, खोकत. आई फोनवर सांगायला लागली की मी विषय बदलायचे. काकीची पेज पिऊन वाढलेली मी!

कुणी वादळाला शिव्या घातल्या, की माझं डोकं सणकतं. वादळाने बागवाल्याला झोडपलं, पाडणाऱ्यालाही झोडपलं. त्यातल्या एकाला मदतीतून वगळलं ते मी. कुणी माझा हात धरला नव्हता. आणि अजूनही, २०२१ संपत आलं तरी, टॅलात मी बागायतदारीणच आहे.

यंदाच्या पावसात रोपं आली. ती लावायला बागवाल्याने बाबांनाच मजुरीवर बोलावलं. बाबांनी मला व्हिडिओवर दाखवली, एकेक ओळ, वाकून वाकून. "तुज्या तिकडच्या लोकांनी धाडली ना? चांगली हायत गो."

मी हो म्हटलं.

रोपं सगळी जगली.