बहिऱ्यांना केलेला फोन

"फोनवर त मीच बोलले जी," सुनंदा म्हणाली. "पुण्याच्या पोरीचा फोन आलता. इचारे, गोदाबाई मशीनवर समाधानी हायेत काय? मी म्हनलं, हाव."

"मग आजीले नाई इचारलं?" मी म्हटलं.

"त्याइले कसं इचाराव मॅडम? त्याइले आयकू येत नाई न!"

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरकडच्या एका गावात, सुनंदाच्या ओसरीवर मी बसले होते. तिची सासू गोदाबाई समोर तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्ही तिच्याबद्दलच बोलतोय हे तिला कळत होतं, काय बोलतोय ते नव्हतं. ती आमच्याकडं बघून नुसती हसायची.

तिला फुकट मिळालेलं कानाचं मशीन आतल्या पेटीत होतं. लुगड्याच्या घड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट. त्यातला सेल संपला, तेव्हापासून तिथंच. "तो बारका सेल गावात मियत नाई," सुनंदानं सांगितलं. "अकोल्याले जा लागते. कोन जाईल?"

माझं काम प्रोजेक्ट तपासण्याचं. लोक मला ऑडिटवाली समजतात, पण ऑडिटवाले पावत्या बघतात, मी माणसं बघते. आमच्या धंद्यात दोन शब्द जोडीनं येतात, मॉनिटरिंग आणि इव्हॅल्युएशन. अमरावतीहून परतवाड्याच्या एसटीत बसल्यावर वलगाव आलं का, हे खिडकीतून बघत राहणं म्हणजे मॉनिटरिंग. उतरल्यावर, जिथं जायचं होतं तिथंच उतरलो का, हे विचारणं म्हणजे इव्हॅल्युएशन. एवढंच. बाकीचं सगळं वर्कशॉपमध्ये चहा-बिस्किटांसोबत वाढवलेलं आहे.

हा प्रोजेक्ट असा होता. मुंबईच्या एका कंपनीनं सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला ठेवलेला, पैसा दिला. अमरावतीच्या एका संस्थेनं अकोल्यात आणि अचलपुरात शिबिरं घेऊन म्हाताऱ्या माणसांना कानाची मशीनं वाटली. आता हेच आणखी जिल्ह्यांत न्यायचं होतं आणि त्यासाठी बाहेरच्या माणसाचा अहवाल हवा होता. अहवाल म्हणजे शिक्का. मी शिक्का मारीन अशी सगळ्यांची समजूत होती.

संस्थेचा प्रोग्रॅम मॅनेजर निखिल. इस्त्रीचा शर्ट, तोंडात सतत 'इम्पॅक्ट'. त्यानं मला एक जाडजूड रिपोर्ट पाठवला. कव्हरवर शिबिराचे प्रमुख पाहुणे एका आजोबांच्या कानात मशीन घालतायत. आजोबा कॅमेऱ्याकडं बघतायत, पाहुणेही कॅमेऱ्याकडंच बघतायत, कानाकडं कोणीच बघत नाही. आत तक्ते. 'समाधानी' हा रकाना जवळजवळ गच्च. खाली बारीक अक्षरात तळटीप होती, सर्व्हे पुण्याच्या कॉल सेंटरमार्फत टेलिफोनवर केला. खरं सांगते, पहिल्या वाचनात ती माझ्याही नजरेतून सुटली. इतकी वर्षं या कामात घालवून. तिचा अर्थ मला सुनंदाच्या ओसरीवर कळला.

मी तिथूनच निखिलला फोन लावला.

"ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचा सर्व्हे तुम्ही फोनवर केला?"

"मॅडम, फील्डवर टीम पाठवणं कॉस्ट इफेक्टिव्ह नसतं."

"फोन उचलणार कोण?"

"आता ऐकू येतं ना मॅडम त्यांना. मशीन दिलंय आपण."

मी फोन ठेवला. पोरगा पास झालाच आहे असं धरून त्याचा पेपर काढायचा, आणि मग तो पास झाला म्हणून पेढे वाटायचे, असा हा प्रकार होता. निखिलला त्यात काही चुकलंय असं वाटत नव्हतं, हे जास्त वाईट.

दोन दिवसांनी अचलपूर. तिथं रशीदचाचांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. म्हणजे आता त्यांचा मुलगा इम्रान चालवतो. चाचा मागं बसून सुटे भाग रॉकेलमध्ये धूत होते. सर्व्हेच्या यादीत त्यांच्या नावापुढं 'अत्यंत समाधानी' लिहिलेलं होतं.

"ते मीच सांगितलं मॅडम," इम्रान म्हणाला. "फोनवाली विचारत होती समाधानी की अत्यंत समाधानी. मी म्हटलं, जे मोठं असेल ते लिहा. गिऱ्हाईक उभं होतं."

मी चाचांच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "चाचा, कान की मशीन कहाँ है?"

त्यांनी गल्ल्यातून डबी काढली. मशीन कानात घातलं आणि लगेच शिट्टी वाजायला लागली. मलाही ऐकू येईल एवढी. "देखो," ते म्हणाले. "पहनते ही सीटी मारता. गिऱ्हाक पूछते, चाचा, कुकर चढाया क्या?"

आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत.

"पहले मैं खाली आवाज सुन के बोल देता था, बीमारी कहाँ है. खोलने की जरूरतच नहीं. अब हाथ रख के अंदाजा लगाता हूँ." थांबून म्हणाले, "पिछले साल एक बाई की मशीन गलत खोल दी. उसने मेरे सामने उठा ली और दूसरे के पास ले गई. तब से मैं पीछे बैठता हूँ."

त्यांना मागं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. ते स्वतःच उठून गेले होते. त्या यादीतल्या 'अत्यंत समाधानी'वर मी पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

शिट्टीचं कारण साधं होतं. कानात बसणारा भाग ज्याच्या त्याच्या कानाच्या मापानं करावा लागतो. सैल बसला की आवाज बाहेर पडतो आणि मशीन शिट्टी मारतं. शिवाय कुणाला किती कमी ऐकू येतं ते तपासून मशीन लावून द्यावं लागतं. या कामाला माणशी अर्धा तास लागतो. मी शिबिराचं रजिस्टर मागवलं. एका दिवसात तीनशे माणसं, दोन टेक्निशियन, सहा तास. भागाकार केला. माणशी अडीच मिनिटंही नाहीत. एवढ्या वेळात शर्टाचं मापही कुणी घेत नाही. हा भागाकार शिबिराच्या दिवशी कुणी केला असता तर ते मॉनिटरिंग झालं असतं. त्या दिवशी सगळे पाहुण्यांच्या हारांमागं होते.

मी एकूण तीस घरं फिरले. मशीन कानात सापडलं दोघांच्या.

मीटिंग अमरावतीच्या एका हॉटेलात झाली. कंपनीच्या पारेख मॅडम मुंबईहून आल्या होत्या. संस्थेचे डायरेक्टर सर होते आणि लॅपटॉप उघडून निखिल. माझं सांगून झाल्यावर सर मोठ्या मनानं हसले.

"ताई, सॅम्पल लहान आहे. आणि कुणाचीच तक्रार नाही. आम्ही प्रत्येकाला हेल्पलाइन दिली होती."

"हेल्पलाइन फोनवरच होती ना?"

पारेख मॅडम लिहायच्या थांबल्या. निखिल लॅपटॉपमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"भाषा थोडी सौम्य करू," सर म्हणाले. "'वापरात नाही' ऐवजी 'वापर वाढण्यास वाव' असं लिहा. अर्थ तोच."

"वाव आहे खरा," मी म्हटलं. "पेटीत ठेवलाय, लुगड्याखाली."

"तुम्हाला आमच्यासोबत पुढं काम करायचंय ना?"

हा प्रश्न त्यांनी अगदी प्रेमानं विचारला. मी रजिस्टरचं पान पारेख मॅडमसमोर ठेवलं आणि म्हटलं, "भागाकार तुम्हीच करा." त्यांनी मोबाइलवर केला. मग परत केला. मग सरांकडं बघून म्हणाल्या, "नवे जिल्हे आत्ता नाही. आधी हे नीट करा."

पुढं झालं ते असं. अचलपुरात महिन्याला एक दिवस टेक्निशियन बसायला लागला. सेल तिथंच मिळायला लागले. रशीदचाचांच्या कानाचं माप घेतलं, अर्धा तास बसवून मशीन लावून दिलं. इम्रान सांगत होता, दुकानात परतल्यावर चाचा एका चालू शिलाई मशीनसमोर बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "बंद कर. शटल घिस गया इसका." इम्रान आदल्या दिवसापासून बॉबिनमध्ये दोष शोधत होता. आता चाचा पुढं बसतात.

अकोल्याच्या बाजूला असं काही झालं नाही. अचलपूर म्हणे पायलट, म्हणजे नमुन्यादाखल केलेला प्रयोग होता, आणि पायलट संपल्यावर संस्थेचा उत्साहही संपला. गोदाबाईचं मशीन मी मागच्या महिन्यात पाहिलं. पेटीतच आहे. कंपनीच्या नव्या पुस्तिकेत मात्र वाटलेल्या मशीनचा आकडा ठळक छापलाय, अचलपूर-अकोला सगळे धरून. निखिलला बढती मिळाली. तो आता दुसऱ्या संस्थांना इव्हॅल्युएशन शिकवतो. मला त्या संस्थेनं परत बोलावलं नाही.

नवीन पोरं शिकायला येतात तेव्हा विचारतात, मॅडम, या कामातलं पहिलं सूत्र काय? मी सांगते, ज्याच्यासाठी प्रोजेक्ट केला त्याच्या घरी जा आणि त्यालाच विचारा. त्याला ऐकू येत नसेल, तर मोठ्यानं विचारा.