कवाडामागचा खिळा

परभणीच्या दवाखान्यात महानंदा माझ्याशी शेवटचं बोलली ते कवाडाबद्दल. नाकाला नळी होती, छाती भात्यासारखी खालीवर होत होती. पाणी मागत असेल म्हणून मी कान जवळ नेला, तर म्हणाली, "सैपाकघराचं कवाड उघडं हाय ना?" मी म्हणालो, "अगं, तुझा जीव कुठं अन् तुझं कवाड कुठं!" तिनं माझी बाही धरली. "कुणाला लावू देऊ नका. उघडंच ऱ्हाऊ द्या." मी तिचा हात सोडवला. वैतागूनच सोडवला, खोटं कशाला लिहू. चहा घ्यायला खाली गेलो... वर आलो तर सिस्टर पडदा ओढत होती.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. तिला बसवलं, कपाळाला विभूती लावली, तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात ते कवाडच होतं. बाईनं जाताना लेकराचं नाव घ्यावं, नवऱ्याला दोन शब्द सांगावेत. ही कवाड म्हणाली. आणि त्याच कवाडावरून आठ वर्षं आमची धुसफूस चाललेली. दुपारची जेवणं झाली की ती स्वयंपाकघरात जायची आणि आतून कवाड लावून घ्यायची. अर्धा तास, कधी जास्त. मी बाहेरून ओरडायचो, "आमचं तोंड बघू वाटंना का?" आतून यायचं, "भांडी घासायलेय." पण भांड्यांचा आवाज कधी यायचा नाही. मला वाटायचं, रुसली. माझ्यावरचा राग आत बसून गिळते. आणि तो राग कशाचा, हेही मला पक्कं ठाऊक होतं. खिळ्याचा.

मी चौथी शिकलेला. रेल्वेत गँगमन, पुढं चाबीवाला. रोज पूर्णेहून चुडाव्याकडं रूळ धरून चालत जायचं आणि रूळ आवळणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की हातोड्यानं ठोकायच्या, एवढंच माझं काम. संसार सगळा रेल्वेच्या क्वार्टरात. पहिलं क्वार्टर सोडताना साहेब भिंती तपासायला आला. महानंदानं आरसा लावायला एक खिळा ठोकला होता. साहेबानं त्या भोकात बोट घातलं आणि चार माणसांत मला विचारलं, "हे उंदरानं केलं का तुझ्या बायकोनं?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र तिला बजावलं, "भिंत सरकारची हाय. ह्यापुढं माझ्या घरात खिळा ठोकायचा न्हाई." तिनं ऐकलं. मग कपडे दोरीवर, आरसा खिडकीत, देव पेटीवर, कॅलेंडर कडीला. बाकीच्या बाया घर सजवायच्या, आमच्या भिंती कोऱ्या. पाहुणे विचारायचे, "कालच आलात का राहायला?"

त्याच कोऱ्या घरात तिनं मॅटीच्या कापडावर लोकरीनं चित्र काढलं. कॉलनीतल्या सगळ्या बायांनी मोर काढले, राघू काढले. हिनं इंजिन काढलं. काळं इंजिन, मागं तीन लाल डबे, आणि रुळाच्या कडेला हिरवी झेंडी धरून उभा एक माणूस. दोन पावसाळे गेले त्यात. कापडाची घरं मोजताना कुठंतरी चुकली आणि त्या माणसाचा एक पाय आखूड झाला. मी म्हणालो, "हा लंगडा कोण?" म्हणाली, "तुमीच. न्हाईतरी सरळ कधी चाललाव?" काच बसवून आणली, पण लावायची कुठं? खाटेखाली ठेवली. ज्या-ज्या क्वार्टरात गेलो, तिथं खाटेखालीच राहिली.

रिटायर झालो आणि पूर्णेत दोन खोल्या, एक हॉल असं आपलं घर बांधलं. मोतिया रंग दिला. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे जेवायला बसलेले आणि ही चित्र पदरानं पुसत हॉलमध्ये आली. म्हणाली, "आवं, हितं समोर खिळा मारा. येणाऱ्याला दिसल." मी काय बोलावं? तोंडातून निघालं, "खिळा मारायचा न्हाई म्हणलं ना! भिंत खराब होती." ती म्हणाली, "आता भिंत आपली हाय." मला ते कळत होतं. पण पाहुण्यांसमोर बायकोनं शिकवल्यागत वाटलं. मी ओरडलो, "आपली म्हणून काय फोडायची? ठेव ते खाटेखाली!" हॉलमध्ये कुणाच्या वाटीला चमचा लागला तो आवाजसुद्धा ऐकू आला. ती चित्र घेऊन आत गेली. पुन्हा आयुष्यात तिनं खिळ्याचं नाव काढलं नाही. आणि त्याच महिन्यात कवाड लावून बसायचं सुरू झालं. आता सांगा, मी दुसरं काय समजणार होतो?

तिसऱ्या दिवशी बाया घर धुवायला लागल्या. मी हॉलमध्ये बसलेलो. मातीला नांदेडहून आलेली सून सुरेखा पाणी काढत-काढत स्वयंपाकघरात गेली आणि कवाडामागचं धुवायला तिनं कवाड लोटलं. मी उठलो, "लावू नकोस!" म्हणून ओरडलो, तोवर कडी वाजली होती. मग आत एकदम पाण्याचा आवाज थांबला. सुरेखानं कवाड किलकिलं करून हाक मारली, "मामा... जरा आत या."

मी आत गेलो. तिनं कवाड पुन्हा लावलं. कवाड उघडं असलं की जी भिंत झाकली जाते, त्या भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याला इंजिन. लंगडा माणूस झेंडी धरून उभा. काचेवर धुळीचा कण नाही. समोर, ओट्याला टेकवून, तिचा बसायचा पाट.

शेजारची गयाबाई डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, तुमी पेन्शनच्या कामाला परभणीला गेलतात तवा मारला तिनं. पायाखालचा पाट मीच धरला. हातोड्याला हात लावला तर तुमाला कळल म्हणून बत्त्यानं ठोकला. म्हणायची, यांना दिसलं तर काढायला लावतील. दुपारी कवाड लावून बघत बसायची."

रुसत नव्हती. आठ वर्षं मी बाहेरून ओरडत होतो आणि ती आत माझ्याकडंच बघत बसलेली... मी खिळ्याला हात लावून पाहिला. जन्मभर ठोकाठोकी केलेला माणूस मी, मला कळतं. डोकं जरा वर, टोक खाली, असा बेतानं तिरपा मारलेला. एवढी जड काच, पण तसूभर हलला नव्हता.

मातीनंतर नोकरीवर गेलेला शिवा, आमचा मुलगा, पंधरा दिवसांनी नांदेडहून पुन्हा आला. तोवर महानंदाचा फोटोसुद्धा टीव्हीशेजारी टेबलावर टेकवूनच होता, कारण माझ्या घरात खिळा मारायची कुणाची छाती नव्हती. शिवानं पिशवीतून एक डबी काढली. "अप्पा, चिडू नका. खिळा न्हाई, चिकटवायचा हूक आणलाय. आईचं चित्र हॉलमध्ये लावू. भिंतीला काही होत न्हाई." पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि बोलताना माझ्या तोंडाकडं बघत होता... त्याची आई बघायची तसंच. मी म्हणालो, "हातोडा आण."

"अप्पा, ड्रिल मागून आणतो, प्लास्टर निघंल."

"निघू दे. हातोडा आण म्हणलं ना!"

वास्तुशांतीला ती जिथं उभी होती, तिथं समोर मी खिळा धरला. पहिला घाव बोटावर बसला, दुसऱ्यात खिळा वाकला. शिवा पुढं आला, मी त्याला कोपरानं सारलं. तिसऱ्या घावाला बशीएवढं प्लास्टर खाली पडलं, मोतिया रंगासकट. मी ठोकत राहिलो. बसला खिळा. चित्र लावलं तरी फुटलेलं प्लास्टर काचेच्या बाजूनं दिसतं. शिवा पेंटर बोलावतो म्हणाला, मी नको म्हणालो. आल्या-गेल्याला आधी ती फूट दिसते, मग इंजिन. कुणी विचारलं तर सांगतो, तो लंगडा मीच.

कवाडामागचा खिळा मात्र काढू दिला नाही. दुपारी जेवण झालं की मी स्वयंपाकघरात जातो, तिच्या पाटावर बसतो आणि कवाड लावून घेतो. समोर नुसता खिळा, खाली चित्राच्या जागी चौकोनी नवा मोतिया रंग. परवा माझ्यासाठी इथंच राहिलेली सुरेखा बाहेरून शिवाला फोनवर सांगत होती, "मामा रोज आत कोंडून घेत्यात, रुसलेत का काय कळंना." मग कवाडावर थाप मारून म्हणाली, "मामा, काय करायलाव आत?"

तोंडातून निघून गेलं, "भांडी घासायलोय."