उजव्या पायासाठी गेलो होतो

परभणीच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाचा काळा पडलेला अंगठा पाहिला. घोट्याजवळ बोटं ठेवून नाडी शोधली. ती लागेना, तेव्हा त्यांनी विचारलं, "बिडी किती ओढता?"

"मेंढरामागं असतो, साहेब. मोजत न्हाई."

ते म्हणाले, हे गँगरीन आहे. गँगरीन म्हणजे रक्त पोचत नाही म्हणून माणूस जिवंत असताना त्याचं मांस मरायला लागतं. रक्त नेणाऱ्या नळीला आर्टरी म्हणतात. माझ्या आर्टरी तंबाखूनं सुजून आतून बंद होत आल्या होत्या. "साखरेच्या आजारानं होतं, म्हातारपणी होतं. तुमची तर अजून तिशी न्हाई उलटली. तुमाला बिडीनं धरलंय. आजपासून बंद."

मी दवाखान्याच्या पायरीवरच बंडल टाकून दिलं. त्यानंतर आजवर बिडी ओठाला लावली नाही.

खूण त्याआधी वर्षभर मिळत होती. सोनपेठच्या बाजाराला निघालो की अर्ध्या वाटेत पोटरी गच्च व्हायची. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर टेकलं की मोकळी, चाललं की पुन्हा तेच. याला क्लॉडिकेशन म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, वाताचं असेल. तुमच्यापैकी कुणाची पोटरी अशी चालताना धरत असेल आणि थांबल्यावर सुटत असेल, तर तेल चोळत बसू नका.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच हैद्राबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला होता, पण मोठ्या दुखण्याला हैद्राबाद गाठायची सवय तशीच होती. मला घेऊन माझा थोरला भाऊ दादा आला. तो परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत्याकडं कामाला होता. उर्दू लिहायचा, वाचायचा, साहेब लोकांशी न बिचकता बोलायचा. मला बाजारापुरती उर्दू यायची. बाप गेल्यापासून माझ्या सगळ्या गोष्टी दादाच बघायचा, आणि त्यानं बघितल्या की मी पुन्हा बघत नसे.

गाडीत बसेपर्यंत बिडी सोडून महिना होत आला होता. अंगठा काळा होता, पण काळं वर सरकत नव्हतं, आणि दुखणंही थोडं उतरलं होतं. मी दादाला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "डॉक्टरला बघू दे."

हैद्राबादच्या डॉक्टरांनी दोन्ही पाय तपासले, दोन्ही जांघांतली नाडी बघितली आणि दादाला व्हरांड्यात बोलावलं. मी खाटेवरून त्यांना बघत होतो. डॉक्टर बराच वेळ बोलत होते, हातानं काही दाखवत होते. दादा मान हलवत होता. मग तो आत आला आणि माझ्या उशाशी बसला.

"फोटू काढायचाय आर्टरीचा. त्याला आर्टेरिओग्राफी म्हणतेत. सुई टोचून औषध सोडतेत, म्हंजे नळी कुठं बंद हाय ते दिसतं. मग उजव्या पायाचं आपरेशन करता येतं."

"धोका?"

"सुईचा कसला धोका?"

मी बरं म्हणालो.

सुई त्यांनी डाव्या जांघेत घातली. उजवीकडची नाडी फार मंद होती म्हणून चांगल्या बाजूनं वर जायचं ठरलं होतं. औषध सुटलं तसा कमरेखाली जाळ झाला आणि विझला. दुपारी मला वॉर्डात आणून निजवलं.

दिवस मावळायच्या आत डावा पाय गार पडला. मग पांढरा झाला. मग असा दुखायला लागला की मी खाटेची सळई धरून ओरडत होतो. डॉक्टर धावत आले. सुईच्या जागी क्लॉट, म्हणजे रक्ताची गुठळी, धरली होती आणि खाली सरकून तिनं पायाची नळी बंद केली होती. जांघ कापून त्यांनी गुठळी काढली, रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली. पायात जीव परत आला नाही. काही दिवसांनी तो गुडघ्याच्या वर कापला.

हा माझा चांगला पाय होता.

शुद्ध नीट आल्यावर मी डॉक्टरांना माझ्या मोडक्या उर्दूत विचारलं, असं होऊ शकतं हे तुम्हाला माहीत होतं का. ते खाटेजवळ थांबले. त्यांनी नजर चुकवली नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

"मालूम था. हजारों में एक को, पर होता है. मैंने तुम्हारे भाई को सब बताया. ये भी बताया कि बीड़ी छूट गई है, थोड़े दिन रुक के देख सकते हैं. मैंने बोला, मरीज से पूछ के आओ. वो बोले, पूछ लिया."

दादा संध्याकाळी डबा घेऊन आला. मी डबा उघडला नाही.

"थांबून बघता येतं, असं डॉक्टर म्हणले व्हते?"

"म्हणले व्हते."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू न्हाई म्हणला असतास."

"म्हणलोच असतो. पाय माझा व्हता."

"बापाचा पाय असाच सडला, भिवा. तू लहान व्हतास, तुला आठवत न्हाई. मी त्याची जखम धुतलीय. थांबू, थांबू म्हणता म्हणता तो गेला. मला पुन्हा थांबायचं नव्हतं."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच मला जास्त राग आला. डॉक्टर परका होता, सुई परकी होती. ज्याच्या तोंडून मी सगळं ऐकत होतो, त्यानंच अर्धं गिळलं होतं. मी भिंतीकडं तोंड केलं. घरी येईपर्यंत आमी दोघं गाडीच्या एका डब्यात बसूनही बोललो नाही.

उजव्या पायाचा अंगठा पुढं वाळला आणि आपोआप गळून पडला. जखम भरली. आपरेशन कधी झालंच नाही. तो पाय अजून माझ्याजवळ आहे, त्याच्यावरच उभा असतो. बिडी सुटली आणि तो तगला. एवढं मला थांबून कळलं असतं.

माझी बायको सरजा, तिनं मला कुबडी धरायला शिकवलं, म्हणजे पडलो की उचललं नाही, उठायला लावलं. पण कुबडीवर मेंढरामागं जाता येत नाही. दादा मोंढ्याचं काम सोडून माझी मेंढरं चारायला लागला होता. संध्याकाळी ती वाड्यात कोंडायचा आणि निघून जायचा.

दिवाळीनंतर मी सरजाला बिऱ्हाड वाहायचं तट्टू सोडायला सांगितलं. पाठीवर घोंगडं टाकलं, पण एका पायानं वर चढता येईना. दादा दारात आला होता. तो तट्टाजवळ येऊन वाकला.

मी त्याच्या खांद्यावर हात दिला आणि चढलो. माफ केलं म्हणून नाही. चढायचं होतं म्हणून.

"म्या येऊ का संगं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो, आणि मेंढरं गोदावरीकडं वळवली.

त्यानंतर बरीच वर्षं तो रोज सकाळी येऊन वाकायचा आणि मी चढायचो. त्या व्हरांड्याबद्दल आमी पुन्हा बोललो नाही. सरजाचे आणि त्याचे उपकार मी मानतो. पण तुमी कधी त्या खाटेवर पडलात, तर डॉक्टरला सांगा, जे काय सांगायचं ते इथं, माझ्या तोंडावर सांगा. सोबतचं माणूस कितीही मायेचं असू दे.