सुबरावचा माग, पूर्णिमाची झोप

खासबागेतल्या सुबरावला कुणी वाईट म्हणणार नाही. तीस वर्षं यंत्रमागावर साड्या विणतोय, शब्दाला पक्का. फक्त एकदा डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायला दोन माणसं लागतात.

त्याची पूर्णिमा सतरा वर्षांची. पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा दहा दिवसांवर, आणि मान-पाठ अशी धरलेली की वही घेऊन पाव तास बसवेना. पहाटे चारला उठून अभ्यास, दुसरं काय होणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडाला काही झालेलं नाही. झोप मोडली की दुखणं वाढतं, दुखलं की झोप मोडते. दुपारी दोन तास झोपू द्या हिला."

सुबरावनं घरी येऊन थेट माग बंद केला. शेजारच्या नागेंद्रलाही दुपारचा माग लावू नको म्हणून सांगून आला. त्याच्या बायकोनं, मनिषानं, भांडीसुद्धा परसात नेऊन घासली. चार दिवस घर चवड्यांवर चालत होतं.

पूर्णिमा डोळे मिटून नुसती पडायची. बाप काम सोडून बसलाय, झोप येत नाही म्हणून त्याला कसं सांगायचं? दुखणं मात्र खांद्यात उतरलं.

पाचव्या दिवशी दुपारी सुबरावची थोरली बहीण अंजनी वडगावहून आली. भाचीचे डोळे बघून सरळ भावावर घसरली.

"माग का बंद रं?"

"पोरीला झोप लागाय नको व्हय, आक्का?"

"शाणाच हाईस. पाळणा कुठं बांधलेलास तिचा? मागाशेजारी. माग थांबला की रडत उठायची."

"तवा बारकी हुती ती."

"आता लई मोठी झाली न्हवं! लाव बघू."

सुबरावनं कुरकुरत बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला, भिंती थरथरल्या. दहा मिनिटांत मनिषानं दारातून खूण केली: झोपली.

अर्ध्या तासानं ताण्यातला एक उभा धागा तुटला. तुटका धागा दिसला की जेवणावरून उठून माग थांबवणारा हा माणूस. आज हात बटणापर्यंत गेला आणि मागं आला. साडीवर बारीक रेघ उमटत गेली, वीतभर, मग हातभर. तो बघत उभा राहिला.

पूर्णिमा मान चोळत बाहेर आली तेव्हा चार वाजून गेले होते. विणकराची पोर, नजर आधी साडीवर.

"आप्पा, धागा तुटलाय की. दिसला न्हाय व्हय?"

"दिसलाय. मान कशी हाय?"

"दुखतीया. पर बसंन म्हणते वही घेऊन."

सुबरावनं आता माग थांबवला आणि धागा बांधायला वाकला.

"बस जा. उद्या जेवून आडवी झालीस की लावतो परत."