मन्नडीतल्या जुन्या पियानोचं लाकूड

मी गिटार बनवते. गेल्या वर्षी माझ्या दोन गिटारींची पोटं लागोपाठ फुगली. वरच्या फळीला आतून आधार म्हणून ज्या पट्ट्या चिकटवतात, ब्रेस म्हणतो आम्ही त्यांना, त्यांचं लाकूड ओलसर निघालं होतं. तिसरी गिटार बिघडली असती तर मला पुन्हा नोकरी शोधावी लागली असती. अशात चेन्नईच्या मामेभावानं, निखिलनं कळवलं की जॉर्ज टाउनमध्ये एक तंजावरी मराठी गृहस्थ घरचा जुना पियानो मोडून विकतायत. पियानोच्या मोठ्या फळीमागे स्प्रूस लाकडाच्या जाड पट्ट्या असतात, पिढ्यान्‌पिढ्या वाळलेल्या. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

पुण्याहून गाडीला जवळजवळ एक दिवस लागतो. उन्हाळ्यात स्लीपरनं जाऊ नका. रायचूरनंतर खिडकीचे गज हात लावू देत नाहीत. निखिल अण्णा नगरला राहतो. तिथून मेट्रोनं सेंट्रलला गाडी बदलून मन्नडीला उतरायचं, भाडं पन्नासच्या आत. स्टेशनबाहेरच इडली-कॉफी उरकून घ्या. एकदा गल्लीत शिरलात की हातगाड्या आणि कागदाचे गठ्ठे यांतून लवकर सुटका नाही.

घर कागदाच्या दुकानांमागे होतं. उंबरा ओलांडला आणि गल्लीतला गोंगाट एकदम थांबला. दार उघडंच होतं, तरीही.

गोविंदराव रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीपुढचे. त्यांचं मराठी जुन्या बखरीतून उतरल्यासारखं, मध्येच तमिळ हेल. वर थोरली बहीण असते, अक्का, पियानो तिचाच, एवढं सांगून त्यांनी सात पट्ट्या जमिनीवर मांडल्या.

अशी पट्टी पारखायची तर टोकापासून थोडं आत दोन बोटांत अधांतरी धरायची आणि मधोमध टिचकी मारायची. चांगलं लाकूड घंटेसारखं बोलतं. पहिली बोलली. लगेच वरच्या मजल्यावरून एक ठोका आला. दुसरी वाजवली, पुन्हा एक ठोका. तिसरीही छान वाजली, पण वरून काही नाही.

"ही नको घेऊं," गोविंदराव म्हणाले. "अक्का होय म्हणत नाही."

मला हसू आलं. मी पट्टीच्या टोकावर सुरी ठेवून हातोडीनं ठोकलं. फाक उघडली आणि आतून पिवळा भुसा सांडला. वरून एकही भोक दिसत नव्हतं. आत किड्यानं पोखरलेलं.

पुढच्या तीन पट्ट्यांना होकार आला. सातवी सगळ्यात देखणी होती: लाकडाच्या रेषा बारीक, सरळ, काठावर उभ्या. नाद विरायला कितीतरी वेळ लागला. वर शांतता. मी तीनदा टिचकी मारली. वर पाऊलसुद्धा वाजलं नाही.

हे दोघं मिळून गिऱ्हाईकाला बनवतात असा संशय मला आला, म्हणून अक्कांना भेटायचं म्हटलं. सातवी पट्टी हातात तशीच राहिली होती. वरच्या खोलीत अक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या, एक तळवा भिंतीवर टेकलेला. आम्ही आत गेलो, गोविंदरावांनी हाक मारली, तरी त्या वळल्या नाहीत. त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा वळल्या.

"चौदा वर्षें झालीं," गोविंदराव मला म्हणाले, "तिजला कांहीं ऐकूं येत नाही. तोंडानें बोलतही नाही."

अक्का माझ्या हातांकडे बघत होत्या. डोळ्याची पापणी न लववता, इतका वेळ की शेवटी मीच नजर वळवली.

सातव्या पट्टीचे पैसे गोविंदरावांनी घेतले नाहीत. खराबच आहे म्हणाले.

पुण्यात आल्यावर मी आधी तीच चिरली. फाक टोकापासून टोकापर्यंत रेषेबरोबर धावली. आत ना कीड, ना गाठ. अक्का चुकल्या याचा मला आनंद झाला, आणि तो सांगायला मी फोन केला.

पट्टी चांगली निघाली, एवढंच मी सांगितलं. गोविंदराव म्हणाले की त्या दिवसापासून अक्कानं भिंतीवरचा हात काढलेला नाही, जेवायलाही नाही. पाटीवर लिहून विचारते, माझी पट्टी कुठं. "खराब म्हणून उगी नव्हती राहिली ती. तिजला ती पट्टी कुणाला द्यायची नव्हती. मला समजलें नाही."

मी त्या दोन फाका सरसानं जोडल्या. चिरलेलं लाकूड एकमेकांत तंतोतंत बसतं. भिंग लावूनही मला जोड सापडला नाही. चिरल्याचं न सांगता मी पट्टी कुरिअरनं पाठवली.

उरलेल्या पाच पट्ट्यांतून गिटार झाली. सहा महिने तारा ताणलेल्या आहेत, पोट सपाट आहे. धंदा चालू राहील. असं लाकूड शोधायला तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. पण विकणाऱ्याखेरीज घरात आणखी कुणाचं ते आहे का, हे आधी विचारा.

पट्टी पोचल्याचा गोविंदरावांचा फोन आला होता. अक्का जेवली म्हणाले. पट्टी मांडीवर घेऊन तिनं सबंध लांबीवरून एकदाच बोट फिरवलं, मग मधल्या रेषेवर नख टेकवलं, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तोंडानं बोलली.

"येथें," म्हणाली, "दुखलें."