सीमंतिनीचं सहावं सेमिस्टर

हिंदी मुलखातल्या एका शहरात, दाल बाजारातल्या घाऊक पेढीवर सीमंतिनी बिलं करायची. सकाळी लॉ कॉलेज, तिथून थेट पेढी, आणि दिवे लागल्यावर माधवगंजातलं घर. घरात ती आणि तिचे बाबा, गोपाळकृष्ण. तिशी उलटल्यावर वकील व्हायचं ठरवलं म्हणून नातेवाईक हसले होते, बाबा मात्र हसले नव्हते. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला तो अबोल माणूस पहिल्या दिवशी तिला स्कूटरवरून कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडून आला होता.

स्तनातली गाठ तिच्या स्वतःच्याच हाताला लागली, आंघोळ करताना. आई, दुर्गा, याच दुखण्याने गेलेली. त्यामुळे सीमंतिनी लागलीच दवाखान्यात गेली. "जल्दी आ गईं, अच्छा किया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशनात गाठ तेवढी काढली. पुढे केमो, मग रेडिएशन.

"नौकरी और पढ़ाई?" तिने विचारलं.

"जितना शरीर साथ दे. ज़िद मत करना."

पण जिद्द तर होतीच. शेठजींनी तिचं टेबल डाळीच्या धुळीपासून दूर, वरच्या मजल्यावर हलवलं. केमोनंतरचे दिवस ती अंथरुणात काढी. तोंडाला गंजक्या लोखंडाची चव, पाण्याचाही वास येई. वर्गातली यशश्री लेक्चर रेकॉर्ड करून पाठवायची. ते कानाशी लावून ती डोळे मिटून पडून राही. केस गेले तेव्हा डोक्याला ओढणी बांधून ती पेढीवर गेली आणि कुणी काही विचारायच्या आत हिशेबाला बसली.

एकदा पेढीवरच तिला हुडहुडी भरून ताप चढला आणि शुद्ध हरपली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. भरती करावं लागलं. शुद्धीवर येताच तिने काय मागितलं, तर पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक. बाबांनी ते आणून दिलं, पण देताना त्यांची नजर पुस्तकावर नव्हती, तिच्या सलाईनच्या हातावर होती.

सहाव्या, म्हणजे शेवटच्या सेमिस्टरचा परीक्षेचा अर्ज तिने घरूनच ऑनलाइन भरला. छापील प्रत तेवढी कॉलेजात जमा करायची होती आणि मुदत नेमकी केमोच्या आठवड्यात संपत होती. प्रत घेऊन बाबा गेले. परत आल्यावर तिने पडल्यापडल्या विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "तू झोप."

सगळ्यांची प्रवेशपत्रं आली, हिचं आलं नाही. धापा टाकत ती कॉलेजच्या खिडकीशी पोचली. आतला माणूस दोनदा शोधून म्हणाला, "मैडम, आपका फॉर्म तो जमा ही नहीं हुआ."

घरी बाबा तिच्यासाठी मऊ भात घोटत होते.

"बाबा, फॉर्म तुम्ही जमा नाही केला?"

"नाही."

"विसरलात?"

"नाही गं." डाव तसाच हातात. "फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो."

"माझं वर्ष गेलं, बाबा! उलट्या करत करत अभ्यास केला मी. तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं म्हणूनच! तापाने फणफणलीस आणि पुस्तक मागितलंस. परीक्षा, परीक्षा! एक परीक्षा पुरे झाली या घराला."

"कुठली परीक्षा?"

त्यांनी डाव पातेल्यात ठेवला. तिने पुन्हा विचारलं, आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं. "तुझी बी.कॉम.ची. तुझ्या आईला गाठ कधीची लागली होती. पोरीचे पेपर होऊ देत म्हणून बोलली नाही. मलासुद्धा नाही. पेपर संपल्यावर मला सांगितलं, तर दवाखान्याचं निकाल लागल्यावर बघू म्हणाली..."

बोलून होताच त्यांनी तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते बाहेर पडलं होतं.

सीमंतिनी भिंतीला टेकून खाली बसली. पेपरांच्या दिवसांत आई पहाटे उठून तिला चहा करून द्यायची. डाव्या हाताने कप पुढे करायची. "उजव्याला काय झालंय गं?" तिने एकदा विचारलंही होतं, पुस्तकातून मान वर न काढता. आई काय म्हणाली होती, ते आता काही केल्या आठवेना.

पुढची केमो झाली, रेडिएशनही झालं. बाबा प्रत्येक वेळी बरोबर आले, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. रिपोर्ट चांगले आले. डोक्यावर पुन्हा केस आले. पुढल्या वर्षी अर्ज तिने स्वतः जमा केला आणि पेपर कधी आहेत ते बाबांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

निकाल कळला तेव्हा ती पेढीवर होती. यशश्री फोनवर ओरडत होती, "अरे यार, निकल गई तू!" सीमंतिनी "बरं" म्हणाली आणि राहिलेली बिलं पुरी केली.

घरी ताट वाढून घेतल्यावर ती म्हणाली, "पास झाले."

बाबांचा घास हातातच राहिला. "बरं झालं. फार बरं झालं, बेटा."

तिने त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

"आईचं ते मला सांगायला नको होतं तुम्ही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"एवढी वर्षं तुम्ही एकट्यानेच ते पोटात ठेवलंत."

गोपाळकृष्ण अर्ध्या ताटावरून उठले. मोरीतला नळ सुटल्याचा आवाज आला. हात धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो चालूच होता. सीमंतिनी उठली नाही. समोरचा भात गार होईस्तोवर ती तशीच बसून राहिली.