झुंबरबाईंचा मोरांचा आरसा

साखरखेर्ड्याच्या झुंबरबाईंना लग्नात सासूकडून एक आरसा मिळाला होता. सागवानी चौकट, तिच्यावर द्राक्षांची वेल आणि समोरासमोर दोन मोर. नवी सून आली की सासूनं तिला त्याच्यासमोर बसवून कुंकू लावायचं आणि आरसा तिच्या स्वाधीन करायचा, अशी घरातली रीत. झुंबरबाईंनी तो लेकरासारखा जपला. मोरांच्या पिसांत बसलेली धूळ त्या काडीला कापूस गुंडाळून काढायच्या.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती, डोळा मिटेना. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे. गोळ्या घ्या आणि रोज आरशात बघून चेहऱ्याचा व्यायाम करा. बाईंनी गोळ्या घेतल्या, पण आरशावर जुनं लुगडं टाकून दिलं. बाजार बंद, हळदीकुंकू बंद. शेजारीण आली तरी पदर तोंडावर.

बाईंचे यजमान वामनराव मुळात अबोल माणूस. चार दिवस त्यांनी पाहिलं. पाचव्या दिवशी बाई चहा घेऊन आल्या, तर लुगडं खाली पडलेलं आणि नवरा आरशासमोर बसून गाल फुगवतोय.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"डाक्टरनं सांगतलं ते."

"ते मले सांगतलं."

"मंग बस. एकटा करतो तं येड्यावानी दिसतो."

बाईंना हसू आलं. हसू अर्ध्याच तोंडावर उमटलं, ते त्यांनी आरशात पाहिलं आणि डोळे भरून आले. वामनरावांनी सरकून जागा करून दिली.

मग रोज सकाळी दोघं शेजारी बसून गाल फुगवायचे, भुवया उडवायचे, ओठांचा चंबू करायचे. उन्हाळा लागेपर्यंत डोळा मिटू लागला. ओठ मात्र हसताना थोडा वाकडा जायचा, तो तसाच राहिला.

वैशाखात ज्ञानेश्वरचं, त्यांच्या मुलाचं, लग्न झालं. मंजुश्री सून म्हणून आली. झुंबरबाईंनी तिला आरशासमोर बसवलं, कुंकू लावलं. काचेत दोघींचे चेहरे शेजारी आले. बाईंचा हात नकळत पदराकडे गेला.

मंजुश्रीनं तो हळूच धरला. "आई, आरसा आता माहा ना?"

"हाव, तुहाच."

"मंग माह्या खोलीत नको. ओसरीत लावू. तुमची येणीफणी तिथंच असते."

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरनं ओसरीत खिळा ठोकला.